किल्ला पाडून बांधलेलं स्टेशन

ऑनसाइट आलेल्या मराठी माणसाच्या तोंडात एक वाक्य कायम तयार असतं. जुना दगडी पूल दिसला, चर्च दिसलं, एखादी तटबंदी दिसली की ते आपोआप बाहेर पडतं. "बघ लेका, ह्यांनी कसं जपलंय! आपल्याकडे असतं तर वाट लावली असती." त्यानंतर एक सुस्कारा. सुस्काऱ्यानंतर एक फोटो.

हे वाक्य माझ्या डोक्यात जातं. एक तर ते अर्धवट खोटं आहे. दुसरं म्हणजे ते आळशी आहे, कारण ते बोलून झालं की बोलणाऱ्याला काही करावं लागत नाही. आणि तिसरं, ज्याचा मला खरा राग येतो, ते म्हणजे हे वाक्य आपल्याकडे ज्यांचं काम आहे त्यांना अलगद सोडून देतं आणि दोष सगळ्या समाजाच्या रक्तावर ढकलतं. "आपल्या लोकांना किंमतच नाही." झालं. विषय संपला. चहा सांगा.

गेल्या महिन्यात आम्ही तिघं एक शुक्रवार रजा टाकून एडिंबराहून बेरिकला गेलो. स्पेलिंगमध्ये मध्ये एक डब्ल्यू आहे, तो कुणी उच्चारत नाही. पूर्ण नाव बेरिक-अपॉन-ट्वीड. ट्वीड नदीच्या मुखावरचं गाव, इंग्लंडचं अगदी उत्तर टोक. स्कॉटलंडची हद्द गावापासून जेमतेम चार किलोमीटरवर. गाडीने पाऊण तास. हे गाव इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या भांडणात तेरा वेळा इकडून तिकडे गेलं असं सांगतात, आणि १४८२ पासून ते इंग्लंडकडे आहे. तरी तिथला फुटबॉल क्लब आजही स्कॉटलंडच्या स्पर्धांमध्ये खेळतो. (आपल्या सीमाभागातल्या माणसाला हे ऐकून फार नवल वाटणार नाही.)

आमच्यातल्या एकाकडे नवाकोरा डीएसएलआर, दुसऱ्याकडे उसना घेतलेला ट्रायपॉड, आणि माझ्याकडे दोघांना वाट दाखवायची जबाबदारी, कारण मी आधी वाचून आलो होतो. हद्दीवर रुळांशेजारी बोर्ड आहे. डीएसएलआरवाल्याने धावत्या गाडीतून त्याचा फोटो काढला, त्यात फक्त गवत आलं.

गाडीतून उतरलो आणि प्लॅटफॉर्मवर पाय ठेवून पहिल्या दोन मिनिटांत ते वाक्य आलंच. समोर किल्ल्याच्या भिंतीचे अवशेष, खाली नदी, तिच्यावर तो लांबलचक रेल्वेपूल. "काय मेंटेन केलंय यार! आपल्याकडे असतं तर..."

मी त्याला तिथेच लावलेला फलक दाखवला. त्यात असं काहीसं लिहिलंय की हे स्टेशन बेरिक किल्ल्याच्या मुख्य दरबारगृहाच्या जागेवर उभं आहे. म्हणजे आम्ही जिथे उभे राहून "काय जपलंय" म्हणत होतो, तिथेच किल्ल्याचा सगळ्यात महत्त्वाचा भाग पाडून टाकलेला होता. आणि हा दरबार साधासुधा नव्हे. १७ नोव्हेंबर १२९२ या दिवशी इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने स्कॉटलंडच्या गादीच्या वादाचा निकाल इथे दिला. गादी जॉन बॅलिओलला मिळाली आणि रॉबर्ट ब्रूसचा (पुढे गाजलेल्या ब्रूसच्या आजोबांचा) दावा फेटाळला गेला. त्यानंतर चार वर्षांतच, १२९६ मध्ये, त्याच एडवर्डने हे गाव लुटलं आणि हजारो माणसं कापली. पुढची तीनशे वर्षं दोन देश ज्या कारणाने लढले त्याचं मूळ ज्या खोलीत आहे, ती खोली रेल्वेने १८४० च्या दशकात उतरवली. १८४६ मध्ये एडिंबराकडून गाडी आली. कुणी आडवं पडलं नाही. कायदाच नव्हता. ब्रिटनमधला प्राचीन स्मारकांचा पहिला कायदा १८८२ चा, आणि त्याच्या यादीतही मुख्यतः प्रागैतिहासिक दगडांची वर्तुळं आणि थडगी होती, किल्ले नव्हते.

बरं, रेल्वेलाच का दोष द्या. तिच्या दोनशे वर्षं आधी, १६५० च्या सुमारास, गावाने आपलं चर्च बांधलं तेव्हा दगड कुठून आणले? याच किल्ल्यातून. होली ट्रिनिटी चर्च आजही आहे, देखणं आहे, त्याला मनोराच नाही. त्यामुळे चर्चची घंटा गावच्या टाऊन हॉलमधून वाजते. आम्ही त्याचे फोटो काढले. पण मला विचाराल तर ते एका किल्ल्याच्या भिंतीचे फोटो आहेत, दुसरीकडे नेऊन रचलेल्या.

आपल्याकडे गावकऱ्यांनी गढीचे दगड नेऊन गोठे बांधले तर आपण त्यांना अडाणी म्हणतो. इंग्लंडमध्ये नेले तर त्याला हेरिटेज म्हणून पाटी लागते.

आता कुणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली, नंतर ते शहाणे झाले. झाले की. पण कधी झाले ते बघा. लंडनच्या युस्टन स्टेशनची प्रचंड दगडी कमान १९६१-६२ मध्ये पाडली, लोकांचा विरोध असताना. त्या आरडाओरड्यातून जी चळवळ उभी राहिली तिच्यामुळे पुढे सेंट पँक्रास वाचलं, त्याला १९६७ मध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं. म्हणजे हा शहाणपणा साठ वर्षांपूर्वीचा आहे आणि तो भांडून मिळवलेला आहे. तो काही इंग्रजांच्या दुधातून आलेला नाही.

आणि इंग्रजांनी स्वतःचं नव्हे पण आपलं काय केलं तेही एकदा आठवू या, कारण "इंग्रज होते म्हणून टिकलं" हेही वाक्य आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर अधूनमधून येतं. मे १८१८ मध्ये रायगडावर तोफा डागल्या, गडावरचे वाडे जळाले. त्या वर्षी आणि त्यानंतर सह्याद्रीतल्या कितीतरी गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, कारण पुन्हा कुणी वर चढून बसू नये. नाशिक भागातले गड चढताना कातळात मध्येच तुटलेल्या पायऱ्या लागतात ना, दोर लावावा लागतो आणि आपण त्याला थरार म्हणतो, तो थरार ईस्ट इंडिया कंपनीची देणगी आहे. मुंबईच्या कोटाच्या भिंती १८६० च्या दशकात फ्रेअरसाहेबांच्या काळात पाडल्या, शहर वाढवायला. त्यात तरी निदान हिशोब होता.

असो. बेरिकला येऊ.

गावाभोवतीची एलिझाबेथकालीन तटबंदी हा तिथला खरा माल आहे. १५५८ मध्ये काम सुरू झालं. त्याच वर्षी जानेवारीत इंग्लंडने फ्रान्समधलं कॅले गमावलं होतं आणि आता उत्तरेकडून फ्रेंच आणि स्कॉट मिळून येतील अशी धास्ती होती. उंच, पातळ भिंती तोफेपुढे टिकत नाहीत हे युरोपला तोवर कळलं होतं. म्हणून इटलीतली नवी पद्धत उचलली: भिंत बुटकी, बाहेरून दगड, आत मातीचा जाडजूड भराव, आणि बाणाच्या टोकासारखे पुढे आलेले बुरुज, म्हणजे एका बुरुजावरून दुसऱ्याच्या पायथ्यापर्यंत तोफ फिरवता येते आणि आंधळा कोपरा उरत नाही. ही भूमिती समजली की चालताना मजा येते. ब्रास बॅस्टियनच्या टोकाला उभं राहिलो आणि खरंच, कुठेही लपायला जागा नाही. खर्च १ लाख २८ हजार पौंडांच्या वर गेला, आणि एलिझाबेथच्या राज्यातलं हे सगळ्यात महागडं बांधकाम मानलं जातं. आणि गंमत म्हणजे काम पूर्ण झालं नाही, त्यावर कधी हल्लाही झाला नाही. १६०३ मध्ये दोन्ही देशांचा राजाच एक झाला. पूर्ण बजेट, अर्धी डिलिव्हरी, आणि प्रॉडक्शनमध्ये एकही युजर नाही. आमच्या कंपनीत याला यशस्वी प्रोजेक्ट म्हणतात.

नवी तटबंदी जुन्या गावापेक्षा लहान घेरात बांधली, त्यामुळे गावाचा वरचा भाग आणि किल्ला भिंतीबाहेर राहिला. किल्ला तेव्हाच निकामी ठरला होता. उरलं ते वापरात नसलेलं, पण कुणाच्या आड न आलेलं. माझं मत असं की बेरिक टिकलं याचं निम्मं श्रेय तिथल्या मंदीला आहे. गाव बारा-तेरा हजार वस्तीचं. ते न्यूकॅसलसारखं फुगलं असतं तर या मातीच्या भरावावर कधीच गोदामं उभी राहिली असती. पाडायला कारण लागतं आणि पैसे लागतात.

पण उरलेलं निम्मं श्रेय मात्र कुणाला आहे ते आम्ही त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

दुपारी तटाच्या एका कोपऱ्यावरून आम्हाला हवी तशी फ्रेम मिळाली. खाली दगडी बुरुज, मागे समुद्र, वर ढग फाटून आलेलं ऊन. आणि बरोबर मध्ये शिडीवर एक माणूस. पिवळं जाकीट, कमरेला पिशवी. तो भिंतीच्या दगडांमधल्या फटींतून रोपं उपटत होता, मग लोखंडी काडीने फट साफ करत होता, मग थापीने तिथे मळलेला चुना भरत होता. खाली त्याचा जोडीदार बादलीत माल ढवळत होता. डीएसएलआरवाला वैतागला. "याला जरा बाजूला व्हायला सांगू का? पाच मिनिटं?" मी म्हटलं, अरे तोच तर फोटो आहे. त्याला पटलं नाही. त्याने वीस मिनिटं वाट पाहिली, आणि ते दोघं चहाला गेल्यावर रिकाम्या भिंतीचा फोटो काढला. त्याच फोटोखाली त्याने संध्याकाळी मित्रांना लिहिलं, "ह्यांनी कसं जपलंय!"

कसं जपलंय ते वीस मिनिटं समोर शिडीवर उभं होतं.

मी खाली उतरून त्या जोडीदाराशी बोललो. तो म्हणाला, सिमेंट अजिबात नाही, फक्त चुना. हे मला ऐकून माहीत होतं पण त्याने हाताने दाखवलं. सिमेंट दगडापेक्षा कडक होतं आणि पाणी अडवतं. भिंतीत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला फट उरत नाही, मग ते दगडातून वाट काढतं, थंडीत गोठतं, फुगतं, आणि दगडाचे पापुद्रे निघायला लागतात. फट शाबूत, दगड गेला. चुना मऊ असतो, तो पाणी सोडतो, स्वतः झिजतो आणि दगड वाचवतो. म्हणून तो दर काही वर्षांनी पुन्हा भरावा लागतो.

आता हेच ज्ञान आपल्याकडे नव्हतं का? गडांवर चुन्याची घाणी बघितली नाही असा ट्रेकर नसेल. गोल खोदलेली चर, त्यात फिरणारं दगडी चाक, बैल जुंपून मळलेला चुना. आपण तिच्यावर बसून डबा खातो. आणि तिथून शंभर पावलांवर तटाच्या दरजा करड्या सिमेंटने लिंपलेल्या असतात, कारण निविदेत तसं होतं किंवा निविदा कुणी वाचलीच नव्हती.

इथे मित्राचा प्रतिवाद आला, आणि तो प्रामाणिक होता म्हणून लिहितो. "ते सगळं ठीक आहे रे, पण आपल्याकडे लोक भिंतीवर बदाम काढून नावं कोरतात, त्याचं काय?" वाईटच आहे. कोरणाऱ्याला दंड करा, त्याच्याकडून भिंत धुवून घ्या, माझी हरकत नाही. पण बदामाने बुरुज पडत नाही. बुरुज पडतो पिंपळाने आणि पाण्याने. पक्ष्याच्या विष्ठेतून बी पडतं, पहिल्या पावसाळ्यात दोन पानं येतात, ती उपटायला एका माणसाला अर्धं मिनिट लागतं. दहा पावसाळे कुणी गेलं नाही की मूळ मनगटाएवढं होतं, आणि मग ते काढलं तर भिंत येते, ठेवलं तरी भिंत येते. हे अर्धं मिनिट कुणाच्या नोकरीचा भाग आहे, एवढाच प्रश्न आहे. समाजाच्या संस्कारांचा यात काही संबंध नाही.

आणि "आपल्या लोकांना किंमत नाही" हे तर धडधडीत खोटं आहे. दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर पोरं घमेली-फावडी घेऊन टाक्यांतला गाळ काढत असतात. स्वतःच्या पैशाने एसटीने जातात, भाकरी बांधून नेतात. त्यांना दगड हलवायला परवानगी लागते आणि ती लागायलाच हवी. पण परवानगीचा कागद जिथे अडतो त्या टेबलाबद्दल आपण कधी "ह्यांना किंमत नाही" म्हणत नाही, टेबल सोडून समाजाला म्हणतो.

मी सोलापूरचा. आमच्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, हैदराबाद रस्त्यावर नळदुर्ग आहे. तो आमचा बेरिक समजा. आदिलशाही आणि निजामशाहीच्या हद्दीवरचा किल्ला, पुढे मोगल, पुढे निजाम, आणि १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात. मधली काही वर्षं मेडोज टेलर तिथे अधिकारी म्हणून राहिला. बोरी नदीला बांध घालून त्या बांधाच्या पोटात खोल्या काढल्या आहेत, पाणी महाल. १६१३ मधलं काम, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं. पावसाळ्यात सांडव्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात आणि आपण आत कोरडे उभे राहून पाण्याचा पडदा मागून बघतो. बेरिकच्या अख्ख्या तटात या तोडीची एक कल्पना नाही, हे मी अभिमान म्हणून नाही, इंजिनियर म्हणून सांगतो.

लहानपणी आम्ही जायचो तेव्हा आत बाभळी आणि काटे. पाणी महालात वटवाघळं. नंतर २०१४ मध्ये राज्य सरकारच्या संगोपन योजनेत तो देखभालीसाठी दहा वर्षांच्या कराराने एका खासगी कंपनीकडे गेला. झुडपं निघाली, वाटा झाल्या, तिकीट लागलं, गर्दी व्हायला लागली. हिरवळ आणि दिव्यांचा सोस मला आवडला नाही, पण तो माझा प्रश्न. मुद्दा हा की लोक तेच होते. सोलापूर-तुळजापूरची तीच माणसं, तोच किल्ला. रक्त बदललं नाही. रोज येणारा माळी बदलला. आणि म्हणूनच मला धास्ती वाटते ती दहा वर्षांच्या कराराची. भिंतीला मुदत नसते.

कायदे तर आपल्याकडे ढीगभर आहेत. १९०४ चा कर्झनचा, १९५८ चा केंद्राचा, १९६० चा महाराष्ट्राचा. कमी आहे ती माणसं. २०१३ मध्ये कॅगने केंद्राच्या संरक्षित स्मारकांपैकी १,६५५ जागी प्रत्यक्ष जाऊन पाहणी केली, त्यात ९२ स्मारकं सापडलीच नाहीत. पडली म्हणून नाही. सापडलीच नाहीत!

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने आपले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. मलाही आनंद झाला, इथे ऑफिसात पेढे नव्हते म्हणून चॉकलेटं वाटली. पण यादीतल्या सिंधुदुर्गाच्या समोर, मालवणच्या किनाऱ्यावर, राजकोटला काय झालं ते आठवा. डिसेंबर २०२३ मध्ये पुतळ्याचं उद्घाटन, ऑगस्ट २०२४ मध्ये तो कोसळला. नऊ महिनेही नाही. आणि २०२५ मध्ये तिथे नवा, आधीपेक्षा उंच पुतळा. समोर पाण्यात साडेतीनशे वर्षांपूर्वीचा तट उभा, त्याच्या दरजा भरायच्या कामाचं उद्घाटन करायला कोण येणार? फीत कुठे बांधायची, शिडीला?

आम्हा आयटीवाल्यांना हे कळायला हवं, कारण आम्ही रोज हेच जगतो. नवीन प्रोजेक्टवर जायला सगळे तयार, सपोर्टवर कुणी नाही. ज्याच्यामुळे रात्री सर्व्हर पडला नाही त्याचं अप्रेझलमध्ये नाव येत नाही, कारण काही घडलंच नाही. बेरिकच्या शिडीवरचा माणूस सपोर्टवाला आहे. फरक इतकाच की तिथे त्याचा पगार दरवर्षीच्या हिशोबात धरलेला असतो. आणि तिथेही पुरत नाही. धोक्यात आलेल्या वारसास्थळांची यादी तिथली सरकारी संस्था दरवर्षी जाहीर करते. स्वतःची नामुष्की दरवर्षी छापायची, जागेच्या नावानिशी! उचलायचं असेल तर हे उचला.

परत येताना गाडीत ठरवलं की सुट्टीवर गेलो की एक काम करायचं. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. तीन प्रश्न: नळदुर्गच्या तटावर गेल्या पाच वर्षांत किती मीटर दरजा भरल्या, चुन्याने की सिमेंटने, आणि झाडं उपटायला वर्षाला किती माणसं किती दिवस लावली. डीएसएलआरवाला सिंधुदुर्गचा आहे. त्याला म्हटलं, तू तुझ्या किल्ल्याचा टाक. तो म्हणाला, मसुदा पाठव. त्याच रात्री पाठवलाय.